वायर कंपनीची, वायफाय आमचं

इंटरनेट कंपनीने बसवलेला वायफायचा डबा बाजूला करून तिथे स्वतःचा राउटर लावायचा, गोष्ट एवढीच. मुंबईतल्या वर्सोव्यात हे करू पाहणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे: रात्र रात्र व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणारी मुलं, आणि यारी रोड, सात बंगला, आरामनगर परिसरात घरी बसून एडिटिंग करणारे, ऑडिशनचे व्हिडिओ नि फुटेज पाठवणारे. दोघांनाही कंपनीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "सर, अलाउड नहीं है." हे अलाउड नाही असं ठरवलं कोणी, आणि ते आपण का मानायचं, यासंबंधीचे हे मुद्दे. गेमिंगमुळे विषय निघाला असला तरी तो ब्रॉडबँड असलेल्या प्रत्येक घराचा आहे.

१. डबा एक, कामं दोन.
रस्त्यावरून, मग सोसायटीच्या शाफ्टमधून घरात येते ती काचेचा केसाएवढा तंतू असलेली तार. ती ज्या डब्यात शिरते त्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. त्याचं पहिलं काम तारेतल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करणं. दुसरं काम, घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्लेस्टेशनला त्यातला वाटा देणं, वायफाय पसरवणं, बाहेरच्या नको त्या पाहुण्यांना दारात अडवणं. हे झालं राउटरचं काम. पूर्वी ही दोन वेगळी उपकरणं असायची. आता खर्च आणि जागा वाचवायला एकाच प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेली असतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो: पहिल्या कामावर कंपनीचा ताबा असायला सबळ कारण आहे, म्हणून दुसऱ्यावरही तिने तो गृहीत धरला आहे.

२. कंपनीचं म्हणणं कुठे बरोबर आहे?
हे आधी मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे घरगुती फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचं आहे. एक तार निघते, वाटेत स्प्लिटरमध्ये फुटते आणि साधारण ३२ किंवा ६४ घरांत जाते. घरांकडे येणारा प्रवाह सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, घरांकडून जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट, आणि तो सगळ्यांत मिळून. जाताना प्रत्येक घराच्या ओएनटीला बोलायची वेळ नेमून दिलेली असते, तीही सेकंदाच्या अत्यंत लहान तुकड्यांत. एखादा बिघडलेला किंवा चुकीचा ओएनटी अवेळी प्रकाश फेकू लागला तर त्या तारेवरच्या सगळ्या शेजाऱ्यांचं इंटरनेट कोलमडतं. म्हणून ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदलेला असतो आणि अनोळखी ओएनटीला दारात उभं केलं जात नाही. यात गैर काही नाही. ओएनटी कंपनीचाच राहू द्या, त्याबद्दल माझा वाद नाही.

३. पण त्यापुढची हद्द घराची आहे.
विजेचं उदाहरण घ्या. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची. मीटरच्या पुढे फ्रिज कोणता, पंखा कोणता, हे वीज कंपनी विचारत नाही. इतकंच काय, विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५५ मध्ये ग्राहकाला मीटरसुद्धा स्वतः विकत घ्यायची मुभा आहे. ते ठरलेल्या दर्जाचं असलं म्हणजे झालं. इंटरनेटच्या बाबतीत मात्र मीटर, स्विचबोर्ड आणि पंखा असं सगळं एकाच डब्यात आणून कंपनीने आपल्या नावावर केलं आहे. ओएनटीच्या लॅन पोर्टपाशी कंपनीची हद्द संपली पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकला की तो फक्त प्रकाशाचं रूपांतर करतो आणि बाकी सगळं पुढच्या राउटरवर सोपवतो. कंपनीने तिच्या सर्व्हरवरून एक सेटिंग बदलायची, आणि पीपीपीओई (लॉगिन करून होणारी) जोडणी असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (एकाच तारेतली वेगळी वाट) क्रमांक ग्राहकाला सांगायचा. लँडलाइन फोनची वाट वेगळ्या व्हीलॅनवरून जाते, ती ओएनटीवर तशीच ठेवता येते. काही कंपन्या विनंती केल्यावर हे करून देतात. म्हणजे जमत नाही असं नाही. मनात असलं तर जमतं.

४. गेमिंग राउटरने काय साधतं आणि काय नाही.
बाजूने आठ अँटेना उभारलेला, लाल-निळे दिवे लुकलुकणारा राउटर घेतला म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनचे २०० होत नाहीत. सिंगापूरच्या सर्व्हरचा पिंगही, म्हणजे तिथून उत्तर यायला लागणारा वेळही, त्याने कमी होत नाही. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, ते अंतर कोणत्याही अँटेनाला कापता येत नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांचे सर्व्हर मुंबईतच आहेत, तेव्हा लाइन मोकळी असताना वर्सोव्यातून पिंग मुळातच कमी असतो.

फरक पडतो तो लाइन भरलेली असताना. समजा, आतल्या खोलीत कोणी एडिट केलेला चाळीस जीबीचा व्हिडिओ क्लाउडवर चढवतंय आणि बाहेरच्या खोलीत मुलगा खेळतोय. अपलोडची लाइन तुडुंब भरली की डब्याच्या आत पॅकेटांची लांबलचक रांग लागते आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या चाळीस जीबीच्या मागे तिष्ठत राहतं. स्पीड टेस्टचा आकडा झकास दिसतो, पण पिंग दहावरून थेट दोनशे-तीनशेवर जातो आणि मुलगा ओरडतो, "लॅग होतोय!" व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो तोही याच कारणाने. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर इलाज आहे: रांगेचं शहाणपणाने नियोजन करणारे एफक्यू-कोडेल, केक यांसारखे अल्गोरिदम. एसक्यूएम नावाने ही सोय देणारा राउटर घ्यायचा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवायची. कंपनीच्या फुकट डब्यात ही सोय सहसा नसते. राउटर घेताना दिवे मोजू नका, ही सोय आहे का ते विचारा. आणि खेळणाऱ्याचं यंत्र शक्य तर केबलनेच जोडा. यारी रोडवरच्या एखाद्या दाट वस्तीच्या इमारतीत फोन उघडलात तर पंचवीस-तीस वायफायची नावं दिसतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

५. दोन राउटर एकामागे एक म्हणजे दुहेरी कुलूप.
ब्रिज मोड नाकारला की लोक नवा राउटर जुन्या डब्याच्या मागे जोडतात. आमच्या इमारतीत एका घरी हे जवळून पाहिलं. कंपनीचा माणूस आला, डबा उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला, त्या लॉगिनमध्ये ब्रिजचा पर्यायच नव्हता. तो त्याच्या सुपर-युजर लॉगिनमध्ये होता, आणि ते ग्राहकाला देण्याची त्याला मनाई. शेवटी तो म्हणाला, "ऐसे ही पीछे लगा दो." लावलं. प्लेस्टेशनवर 'नॅट टाइप ३' आलं: म्हणजे मित्रांशी व्हॉइस चॅट जोडली जाईना, स्वतः गेम होस्ट करता येईना. नॅटचा पत्ता-बदल दोनदा होतो त्याचा हा परिणाम. नाइलाज असेल तर दोन उपाय आहेत: नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, पण मग त्याची रांग-नियोजनाची ताकद वाया जाते, नाहीतर कंपनीच्या डब्यात डीएमझेड लावून सगळं नव्या राउटरकडे वळवायचं आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं.

तिसरं कुलूप कंपनीच्या केंद्रातच असतं. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. तिथे वीस हजारांचा राउटरही काही करू शकत नाही. त्यासाठी सार्वजनिक आयपी मागावा लागतो किंवा आयपीव्ही६ नीट चालू असावं लागतं. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून राउटर घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी हा पत्ता पाहून घ्या.

६. "सुरक्षेसाठी" हे कारण पुरेसं नाही.
कंपन्या सांगतात की त्यांचा डबा सुरक्षित, कारण त्या तो दुरून अद्ययावत ठेवतात. दुरून हात घालता येणं हाच धोका ठरल्याची घटना घडलेली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. दूरस्थ देखभालीसाठी वापरल्या जाणाऱ्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर 'मिराई' कुळातल्या बॉटनेटने धडका दिल्या आणि राउटर गारद झाले. लाखो घरांत एकाच पद्धतीचे डबे असले की एक फट सगळ्यांना पुरते.

मात्र दुसरी बाजूही आपल्या शेजारीच घडली आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीची ईमेल गेली ती नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. घरातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण पोलीस दारात आले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. तेव्हा स्वतःचा राउटर लावणाऱ्याने जबाबदारीही घ्यायची: पासवर्ड बदलायचा, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवायचं, फर्मवेअर अद्ययावत ठेवायचं, बाहेरून लॉगिन बंद ठेवायचं. आणि राउटर भारतात मान्यता मिळालेलाच घ्यायचा. अमेरिकेहून भाच्याने बॅगेत आणलेला नको, कारण देशागणिक परवानगीचे चॅनेल आणि मान्यता वेगळ्या असतात. हक्क मागायचा तर ही बाजूही सांभाळली पाहिजे.

७. हा वाद इतरत्र मिटवला गेला आहे.
अमेरिकेत १९६८ साली कार्टरफोन प्रकरणात तिथल्या दूरसंचार आयोगाने निर्णय दिला की नेटवर्कला अपाय होत नसेल तर ग्राहक स्वतःचं उपकरण फोन लाइनला जोडू शकतो. आन्सरिंग मशीन, फॅक्स, मॉडेम यांची बाजारपेठ त्या निर्णयाने मोकळी झाली. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीने आपल्या पसंतीचं उपकरण वापरण्याचा हक्क ग्राहकाला दिला. जर्मनीने त्यासाठी वेगळा कायदा केला, तो १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला. कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते, असं त्यात स्पष्ट आहे. इटलीच्या नियामकाने २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. या देशांत नेटवर्क कोसळली नाहीत.

८. आपल्याकडेही हे नवं नाही.
फोनचं यंत्र सरकारी कारखान्यातलंच, हा काळ मुंबईने पाहिला आहे. १९८४ मध्ये ग्राहकाकडच्या दूरसंचार उपकरणांचं उत्पादन खासगी क्षेत्राला खुलं झालं आणि बटणांचे रंगीबेरंगी फोन घरोघर आले. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी कंपन्या याबाबतही तांत्रिक अडचणी सांगत होत्याच. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सेट-टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीसाठी चालावेत, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. आजही डीटीएच कंपनी बदलली की बहुतेक घरांत डबाही बदलतो आणि जुना माळ्यावर जातो. ब्रॉडबँडचे डबे त्याच वाटेने चालले आहेत.

९. आजचा कायदा अगदीच रिकाम्या हाताचा नाही.
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एक सेवा हवी तर दुसरी वस्तू विकत किंवा भाड्याने घेतलीच पाहिजे, अशी अट त्यात येते. राउटरचं भाडं बिलात सक्तीने लावणं या व्याख्येत बसतं, असं माझं म्हणणं आहे. त्याच कायद्यात अवाजवी अनामत मागणाऱ्या कराराला अनुचित करार म्हटलं आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हा जुना बचावही उरलेला नाही: १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगांचा अधिकार मान्य केला.

पायऱ्या अशा: आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात ब्रिज मोडची लेखी मागणी करा आणि डॉकेट नंबर घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा; त्याला ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शेवटी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. फोनवरचं "अलाउड नहीं" पुरावा होत नाही, म्हणून नकार लेखी मागा.

१०. वर्सोव्याने हे बोलायला हवं, याला कारण आहे.
ट्रायने २०२३ मध्ये समुद्री केबलींबाबत शिफारशी केल्या तेव्हा भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली ५ शहरांतल्या १४ स्थानकांवर उतरत होत्या. मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या किनारपट्टीतूनच जमिनीवर येतात. त्यांच्या पट्ट्यात नांगर टाकू नका, जाळी ओढू नका, ही बंधनं कोळीवाड्यातल्या मच्छीमारांच्या वाट्याला येतात. केबलींसाठी खोदलेल्या रस्त्यांवरून आपण सगळेच चालतो. देशाच्या इंटरनेटचा भार आपल्या वाळूने उचलायचा आणि आपल्या दिवाणखान्यातल्या राउटरचा पासवर्ड मात्र आपल्याला मिळायचा नाही, हे उफराटं आहे.

११. सोसायट्यांच्या हातात चावी आहे.
एकट्या ग्राहकाला कंपनी दाद देत नाही. पण फायबर इमारतीत आणायला शाफ्ट, गच्ची, स्प्लिटरच्या पेटीला जागा आणि वीज लागते, आणि त्याची परवानगी मॅनेजिंग कमिटी देते. बहुतेक कमिट्या ती एका कागदावर सही करून देऊन टाकतात. यापुढे परवानगीपत्रात तीन अटी घाला. एक, सभासदाने मागितल्यास ब्रिज मोड विनामूल्य द्यायचा. दोन, राउटरचं भाडं आणि अनामत बिलात वेगळी दाखवायची आणि जोडणी बंद झाल्यावर अनामत ठरलेल्या मुदतीत परत करायची. तीन, इमारतीत दुसऱ्या कंपनीला मज्जाव नाही. के/पश्चिम वॉर्डातल्या एएलएमनी (रहिवाशांच्या परिसर-गटांनी) एकच मसुदा तयार करून सगळ्या सोसायट्यांना दिला, तर कंपन्यांना एका इमारतीत हो आणि दुसरीत नाही म्हणता येणार नाही.

१२. ट्रायकडे मागण्या.
ऑक्टोबर २०२४ पासून ब्रॉडबँडच्या सेवा-दर्जाचे नवे नियम लागू आहेत. वेग, लेटन्सी, दुरुस्तीची मुदत यांचे निकष त्यात आहेत. त्यांना जोडून पुढील गोष्टी हव्यात:

(क) कंपनीच्या नेटवर्कची हद्द ओएनटीच्या पोर्टपाशी संपते, हे नियमात लिहा.
(ख) लेखी मागणीनंतर ठरलेल्या दिवसांत ब्रिज मोड द्या. त्यासाठी लागणाऱ्या सेटिंग्ज प्रत्येक कंपनीने वेबसाइटवर जाहीर कराव्यात.
(ग) ग्राहकाने स्वतःचा राउटर लावला म्हणून तक्रार घ्यायला नकार देता येणार नाही. दोष कुणाचा, हे ओएनटीला थेट केबल जोडून तपासा.
(घ) राउटर नको म्हणणाऱ्याकडून राउटरचं भाडं घेऊ नका.
(च) परत आलेला डबा पुन्हा वापरात आणणं किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे देणं ही जबाबदारी कंपनीची.

यातल्या कोणत्याही मागणीने कंपनीचं नेटवर्क धोक्यात येत नाही. जातं ते फक्त घराच्या आतलं तिचं फुकटचं पाटीलपण. ज्यांना कंपनीचा डबा पुरतो त्यांनी तो खुशाल वापरावा, बहुतेकांना तो पुरेलही. पण निवड त्यांची असावी. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि इंटरनेटचा पुढचा करार सही होण्याआधी त्यातली राउटरची अट मोठ्याने वाचून दाखवा.